सोनोग्राफीच्या पडद्यावरचे दोन आकडे

संपादक महोदय,

‘सोनोग्राफीने बाळाला काही होत नाही ना?’ या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, ‘अजिबात नाही.’ दुसरे, ‘सारखी करू नका, किरणं लागतात.’ दोन्ही अर्धवट आहेत. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. मात्र त्यांतली काही ऊर्जा शरीरात शोषली जाऊन तिची उष्णता होते. ती किती होऊ द्यायची हे प्रोब (लहरी सोडणारे, अंगावर टेकवायचे उपकरण) धरणाऱ्याच्या हातात असते. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने) गर्भासाठीची तीव्रतेची मर्यादा प्रति चौरस सेंटिमीटर ९४ मिलिवॉटवरून ७२० पर्यंत वाढू दिली, ती टीआय (उष्णतेचा) आणि एमआय (यांत्रिक परिणामाचा) हे आकडे पडद्यावर दिसले पाहिजेत या अटीवर. आकडे दिसतात, त्यांच्याकडे पाहण्याची सवय मात्र अजून सर्वांना लागलेली नाही.

एमआय हा यांत्रिक परिणामाचा, मुख्यतः हवेच्या बुडबुड्यांशी निगडित आकडा. गर्भाच्या फुप्फुसांत हवा नसते, त्यामुळे इथे खरे लक्ष टीआयकडे, म्हणजे थर्मल इंडेक्सकडे हवे. टीआय १ म्हणजे ढोबळमानाने एक अंश सेल्सिअसने तापमान वाढण्याची शक्यता. ते प्रत्यक्ष मोजलेले तापमान नव्हे. दहा आठवड्यांपर्यंत टीआयएस (मऊ ऊतींसाठीचा टीआय) पाहावा, त्यानंतर टीआयबी (हाडांसाठीचा), कारण हाडे तयार होऊ लागली की तीच जास्त ऊर्जा शोषतात. ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीच्या मार्गदर्शनानुसार टीआय ०.७ पर्यंत असेल तर वेळेचे बंधन नाही. ०.७ ते १ असल्यास ६० मिनिटे, १.५ पर्यंत ३०, २ पर्यंत १५, २.५ पर्यंत ४ आणि ३ पर्यंत जेमतेम एक मिनिट. त्यापुढे गर्भाची तपासणी करूच नये. आईला ताप असेल तर बाळ आधीच तापलेले असते, हे धरून वेळ आणखी कमी ठेवावा.

साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात टीआय सहसा कमीच राहतो. तो चढतो पल्स्ड डॉपलरला (रक्तप्रवाह आणि ठोके ऐकवणाऱ्या पद्धतीला), कारण तिथे लहरींची शलाका एकाच जागी रोखलेली असते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ‘ठोके ऐकवतो’ म्हणून डॉपलर लावणे चुकीचे आहे. एम-मोडवर (हालचाल आलेखासारखी दाखवणाऱ्या पद्धतीत) ठोके दिसतात आणि मोजताही येतात. आई-वडिलांना आवाज हवा असतो हे खरे, पण तो आणखी काही आठवडे थांबू शकतो. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत वैद्यकीय कारणाने डॉपलर लागलाच, तर टीआय १ किंवा कमी ठेवून पाच-दहा मिनिटांत उरकावा.

आणखी एक नेहमीची चूक: चित्र अंधुक दिसले की आऊटपुट पॉवर वाढवणे. आधी गेन (आलेल्या संकेताचे वर्धन) वाढवा. गेन परत आलेला प्रतिध्वनीच मोठा करतो, बाळाकडे जाणारी ऊर्जा वाढवत नाही. गेन, चित्राची खोली (डेप्थ) आणि फोकस नीट करूनही भागले नाही, तरच पॉवरला हात लावावा. आधीचा रुग्ण हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा असेल तर प्रीसेट (त्या तपासणीसाठी यंत्रात आधीच ठरवलेली मांडणी) बदलायला विसरू नये. तीच जास्त पॉवर पुढच्या गर्भवतीवर चालू राहते. मोजमापे फ्रीझ करून घ्यावीत, कारण फ्रीझमध्ये लहरी बाहेर पडत नाहीत.

योनीमार्गातून तपासणी करताना प्रोब स्वतःही गरम होतो; चित्र घ्यायचे नसताना तो चालू अवस्थेत आत ठेवू नये. प्रत्येक वेळी नवे कव्हर घालावे आणि नंतर उच्च दर्जाचे निर्जंतुकीकरण करावे, कारण कव्हर फाटते. जेलच्या अर्धवट बाटलीत पुन्हा जेल भरू नये, त्यात जंतू वाढतात.

प्रसूतीच्या वेळी पोटाला पट्ट्याने बांधतात ते सीटीजीही (बाळाचे ठोके कागदावर नोंदवणारे यंत्र) ध्वनिलहरींवरच चालते. त्यांची तीव्रता फार कमी असते. तिथला धोका वेगळाच आहे: यंत्र बाळाऐवजी आईचीच नाडी टिपू शकते आणि कागदावर सारे ठीक दिसते. त्यामुळे आईची नाडी वेगळी मोजून दोन आकडे ताडून पाहायला हवेत.

घरी वापरायच्या छोट्या डॉपलरचीही हीच गत. आईच्या धमनीचा किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचे ठोके समजून घरचे निश्चिंत होतात. बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर त्या यंत्रातून काहीही ऐकू आले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे.

— एक सोनोलॉजिस्ट