जुन्या भिंतींना सिमेंट नको

मा. संपादक,

जुनी घरं दुरुस्त करताना सरसकट सिमेंटचं प्लास्टर मारतात, ते कृपा करून थांबवा. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर सोडते, वर सिमेंटचा थर बसला की ओल आतच अडकते, मग पोपडे सुटतात, पांढरा क्षार फुटतो, विटा इतक्या भुसभुशीत होतात की नखानं खरवडलं तरी भुगा पडतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, म्हणून पातळ थर द्यायचे, ओलसर ठेवायचे, घाई चालतच नाही. वेळ लागतो, कारागीर शोधावे लागतात, मान्य. पण गिलाव्यातली नक्षी एकदा छिन्नीनं उडवली की परत कोण घडवणार? निदान फोडण्याआधी जुना गिलावा कशाचा आहे तेवढं तरी बघा.

- एक वाचक