ट्रॅकवर पळवलेली गाडी ‘ट्रॅकवर कधीही न गेलेली’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग.

विषय : वापरलेल्या स्पोर्ट्स कारचा पूर्वेतिहास दडवून विक्री केल्याबाबत, आणि खरेदीची संपूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

सव्वादोन महिन्यांपूर्वी मी आपल्या दालनातून दोन दारांची, टर्बो इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी एक वापरलेली स्पोर्ट्स कार विकत घेतली. आपली जाहिरात, आपल्या विक्री प्रतिनिधीचे बोलणे आणि सही-शिक्क्यानिशी मला दिलेला तपासणी अहवाल या तिन्ही ठिकाणी एकच ग्वाही होती. गाडी कारखान्यातून आली तशीच मूळ स्थितीत आहे, तिच्या इंजिनाच्या संगणकाला कोणी हात लावलेला नाही आणि ती रेसट्रॅकवर कधीही गेलेली नाही, असे आपण सांगितले. यातील एकही विधान खरे नाही. ते मला कसे कळले आणि माझे आपल्याकडे काय मागणे आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही गाडी मला रोजच्या वापरासाठी नको होती. त्या कामासाठी माझ्याकडे दुसरी साधी गाडी आहे. रविवारी पहाटे रस्ते रिकामे असताना दोन-तीन तास मनसोक्त चालवावी, दुपारी स्वतःच्या हाताने धुऊन पुसून झाकून ठेवावी, एवढ्यासाठीच मला ती हवी होती. हौसेची गाडी आहे म्हणून ती कशीही असली तरी चालते, असे आपल्या प्रतिनिधीने माझी तक्रार फोनवर ऐकताना सुचवले, आणि ते मला फार लागले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रोजच्या गाडीत बिघाड झाला तर माणूस तो दुरुस्त करून पुढे जातो, कारण गाडीवाचून त्याचे अडते. हौसेची गाडी विकत घेणारा मात्र त्या गाडीचा पूर्वेतिहासच विकत घेत असतो. ती कोणी चालवली, कशी चालवली, तेल कधी बदलले, थंड इंजिनावर कोणी ॲक्सिलरेटर दाबला की नाही, यावरच तिची खरी किंमत ठरते.

म्हणूनच मी आठ महिने शोध घेतला. पहिल्या पिढीची, १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ पाहिली. वजन एक टनाच्याही आत असल्यामुळे बेताच्या ताकदीतही ती मनाला आनंद देते, पण मी पाहिलेल्या गाडीच्या दारांखालचे पत्रे आतून गंजलेले होते. होंडा एस२००० चालवून पाहिली. तिचे दोन लिटरचे बिनटर्बो इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढते आणि तो आवाज अजून कानात आहे, पण तिच्या दुसऱ्या गिअरमध्ये खरखर होती. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतील एम३ गाडीचाही विचार केला होता. मात्र त्या पिढीत मागच्या सबफ्रेमच्या (मागची चाके पेलणाऱ्या चौकटीच्या) जोडाशी पत्र्याला तडे जातात आणि क्रँकशाफ्टवरील कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग लवकर झिजतात हे माहीत असल्यामुळे, त्या कामांची बिले दाखवू न शकणाऱ्या मालकाला मी नम्रपणे नकार दिला.

शेवटी निवड दोन गाड्यांवर येऊन थांबली. दोन्ही एकाच मॉडेलच्या होत्या. एक आपली, १९,००० किलोमीटर धावलेली. दुसरी एका खाजगी मालकाची, तिच्या जवळजवळ चौपट धावलेली. पण त्या मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल होती आणि ती गाडी वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाते, हे त्याने मी विचारण्याआधीच सांगितले होते. मी आपली गाडी घेतली ती केवळ आपल्या लेखी शब्दावर विसंबून. आपला शब्द नसता तर मी ती दुसरी गाडी घेतली असती, हे मी पूर्ण विचारान्ती लिहीत आहे.

खरेदीआधी मी डोळे मिटून बसलो नव्हतो. गाडी पाहायला येण्याच्या आदल्या दिवशी मी फोन करून विनंती केली होती की, मी पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये. टर्बो इंजिनाची खरी परीक्षा थंड असतानाच होते; पहिल्या काही सेकंदांत येणारा निळसर धूर, इंजिनातील साखळीचा खडखडाट, अडखळत धरणारा आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा संथ वेग) हे सगळे इंजिन तापले की लपते. मी आलो तेव्हा बोनेटवर हात ठेवला आणि तो गरम लागला. मागच्या आवारातून पुढे आणण्यासाठी सुरू करावी लागली, असे मला सांगण्यात आले. मी माझा स्वतःचा स्कॅनर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण, जोडला. त्यात एकही दोषसंकेत नव्हता, मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत होत्या. दोषसंकेत पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या शून्यावर येतात आणि गाडी ठरावीक प्रकारे चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. मी कारण विचारले, तेव्हा गाडी बरेच दिवस उभी होती म्हणून बॅटरी काढून ठेवली होती, असे उत्तर मिळाले. चारही टायर जवळजवळ नवे होते. टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे, म्हणजे पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, काही महिन्यांपूर्वीचेच होते. इतक्या कमी धावेला चारही टायर का बदलले, असे विचारल्यावर, जुने टायर वयाने कडक झाले होते, असे सांगण्यात आले.

यातील प्रत्येक उत्तर सुटे घेतले तर पटण्यासारखेच होते. उभ्या गाडीची बॅटरी काढतात, टायर वयाने कडक होतात, दालनात गाड्या पुढे-मागे कराव्या लागतात. तिन्ही उत्तरे एकाच गाडीबद्दल एकाच दुपारी मिळाली आणि तरीही मी पुढे गेलो, कारण ‘ट्रॅकवर कधीही न गेलेली’ हे वाक्य आपल्या शिक्क्याखाली छापलेले होते.

ताबा घेतल्यानंतर नवव्या दिवशी, साधारण ३०० किलोमीटर झाल्यावर, इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरने पी०३०२ हा संकेत दाखवला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नव्हते. प्लग आणि कॉइल अदलाबदल करून पाहिले, तरी दोष दुसऱ्या सिलिंडरपाशीच राहिला. मग मी गाडी ट्रकवर चढवून अशा एका स्वतंत्र गॅरेजमध्ये नेली, ज्याचा आपल्याशीही संबंध नाही आणि माझ्याशीही आधीची ओळख नाही.

तिथल्या कॉम्प्रेशन चाचणीत, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणाऱ्या चाचणीत, पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचा दाब ११.६ ते ११.९ बार भरला; दुसऱ्याचा ८.१. यानंतर त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते पाहिले. या चाचणीची खुबी अशी की दोष कानाला ऐकू येतो. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, आत ओढण्याच्या वाटेने आली तर इनटेकचा व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आमच्या बाबतीत मेकॅनिकने तेल भरण्याचे झाकण उघडले आणि मला जवळ बोलावले. दुसऱ्या सिलिंडरमधली हवा पिस्टनच्या बाजूने खाली जाऊन त्या तोंडातून सरळ माझ्या गालावर येत होती. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडेही दिसले.

त्याच गॅरेजने इंजिनाच्या संगणकातील कॅलिब्रेशनचा (इंजिन कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या मांडणीचा) पडताळणी क्रमांक वाचून घेतला आणि तो कारखान्याच्या मूळ क्रमांकाशी जुळत नाही, असा लेखी अहवाल दिला. म्हणजे संगणकातील मूळ मांडणी कोणीतरी बदललेली आहे; असा बदल सहसा टर्बोचा दाब आणि ठिणगीची वेळ बदलण्यासाठी करतात. जादा दाब दिलेले टर्बो इंजिन ट्रॅकवर सलग वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण ताकदीने पळवले की आतील हवा तापते, इंधन वेळेआधी भडकते आणि पिस्टनवर हातोडीसारखे घाव बसतात. पिस्टन रिंगांच्या मधली पट्टी अशानेच तडकते. दुसऱ्या सिलिंडरमध्ये हेच झाले असल्याचे अहवालात म्हटले आहे.

आता ट्रॅकविषयी. गाडी लिफ्टवर असताना मागच्या चाकाचे प्लॅस्टिक अस्तर काढले, तेव्हा त्यामागे रबराच्या वितळून गोळा झालेल्या कणांचा थर चिकटलेला आढळला. गरम, मऊ टायरांचे असे कण रेसट्रॅकवर साचतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या अस्तरामागे चिखल आणि खडी सापडते. पुढच्या ब्रेक डिस्कवर केसासारख्या बारीक भेगा आहेत आणि कडांना निळसर झाक आली आहे. चालकाच्या सीटमागचा गालिचा उचलला तर खालच्या पत्र्यात नेमक्या अंतरावर चार भोके पाडलेली आहेत आणि ती काळ्या रबरी बुचांनी बंद केलेली आहेत. रेसच्या पट्ट्यांचे हुक तिथेच बसवतात. एक गोष्ट मला गॅरेजमध्येही दिसली नव्हती. घरी आणल्यावर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात डाव्या दाराच्या रंगावर एक गोल उमटला. तो गोल आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित गडद आहे, कारण तेवढ्या भागावर बराच काळ स्टिकर होता आणि ऊन पोहोचले नव्हते. गोलाच्या आत दोन आकडे आजही वाचता येतात. आपल्या अहवालावर सही करणाऱ्या तपासनीसाने हे दार पाहिले होते का, हा माझा आपल्याला थेट प्रश्न आहे.

माझी तक्रार गाडी ट्रॅकवर गेली याबद्दल नाही, हे कृपया नीट समजून घ्यावे. अशा गाड्या ट्रॅकसाठीही बनवलेल्या असतात आणि तिथे नेणारा जागरूक मालक अनेकदा इतरांपेक्षा लवकर तेल बदलतो, ब्रेकचे द्रव दरवर्षी काढतो, इंजिन थंड होईपर्यंत शेवटची फेरी सावकाश मारतो. मला तसे सांगितले असते तर मी कॉम्प्रेशन चाचणी करूनच व्यवहार केला असता, किंमत त्याप्रमाणे ठरली असती, किंवा मी गाडी घेतलीच नसती. निर्णय माझा असता. तो निर्णय आपण माझ्या हातून काढून घेतलात. १९,००० किलोमीटर हा आकडा आपण मोठ्या अक्षरांत छापलात. त्यातले किती किलोमीटर रस्त्यावरचे आणि किती लाल रेषेजवळचे, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाजवळचे, हे मात्र झाकून ठेवलेत.

पहिल्या लेखी तक्रारीला आपल्या कार्यालयाने असे उत्तर दिले की, वापरलेली गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जाते आणि टर्बो इंजिनातील झीज हमीत येत नाही. जशी आहे तशी विकण्यास माझी हरकत नाही, परंतु गाडी जशी होती तशी आपण मला सांगितलीच नाही. माझा आक्षेप हमीच्या अटींवर आधारलेला नसून आपण लेखी दिलेल्या चुकीच्या माहितीवर आधारलेला आहे, आणि करारातील कोणतेही कलम त्या माहितीची जबाबदारी आपल्यावरून काढू शकत नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

यास्तव आपण गाडी परत घ्यावी आणि खरेदीची संपूर्ण रक्कम, तसेच मालकी हस्तांतरण, ट्रकची वाहतूक आणि स्वतंत्र तपासणी यांचा खर्च मला द्यावा, अशी माझी मागणी आहे. इंजिन दुरुस्त करून देण्याचा आपल्या प्रतिनिधीने फोनवर मांडलेला पर्याय मला मान्य नाही, कारण नवे पिस्टन बसवले तरी ही गाडी मी मागितलेली गाडी होत नाही. याशिवाय, आपण ही गाडी विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिच्या वापराबद्दल काय लिहून दिले होते, त्या कागदाची प्रत मला हवी आहे. मालकाने आपल्यालाच फसवले असेल, तर ते कागदावरून दिसेल आणि आपल्या तपासनीसावरील माझा आक्षेप मी तेवढ्यापुरता सौम्य करीन; परताव्याच्या मागणीत मात्र त्याने फरक पडणार नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या दालनात याच मॉडेलची दुसरी एक गाडी लागलेली मी पाहिली. तिच्या पाटीवरही ‘ट्रॅकवर कधीही न गेलेली’ हेच वाक्य आहे. त्या गाडीची अस्तरे काढून, गालिचा उचलून, इंजिनाचा संगणक वाचून खात्री केली असेल तरच ते वाक्य तिथे ठेवावे. नसेल तर आजच काढावे. ती पाहायला येणाऱ्या माणसानेही कदाचित अनेक महिने शोध घेतलेला असेल.

कॉम्प्रेशन चाचणीचे आकडे, संगणकाचा अहवाल, सिलिंडरच्या आतील आणि गालिच्याखालील छायाचित्रे, तसेच आपल्या जाहिरातीची व तपासणी अहवालाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तसे न आल्यास याच कागदपत्रांसह मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

गॅरेजमधून आणल्यापासून इंजिन सुरू केलेले नाही. गाडी बंदिस्त जागेत झाकून ठेवलेली आहे, बॅटरी चार्जरला जोडलेली आहे आणि संगणकातील एकही दोषसंकेत पुसलेला नाही. आपला तांत्रिक प्रतिनिधी कोणत्याही दिवशी, दोन दिवस आधी कळवून, तपासणीसाठी येऊ शकतो. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होईल ते त्याच्या समोर.

आपला विश्वासू,
खरेदीदार