पहिली-दुसरीच्या पालकांसाठी: पक्षी सप्ताह

नमस्कार पालकहो, 5 ते 12 नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, 5 ला निसर्ग-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 ला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा, म्हणून या आठवड्यात छोट्यांचे सगळे उपक्रम पक्ष्यांवरच घेतोय.

रोज प्रार्थना झाली की 10 मिनिटं मैदानातल्या चिंचेखाली गुपचूप बसायचं आणि दिसेल तो पक्षी वहीत काढायचा. नाव नाही आलं तरी चालेल, चोच कशी, शेपटी कशी एवढं बघितलं तरी पुष्कळ. काल ट्रायल घेतली तर एक मुलगी विचारते, मॅडम हा सारखी शेपटी का हलवतोय? तो धोबी पक्षी होता, पांढरा धोबी आपल्याकडे थंडीतच येतो त्यामुळे बघायचे दिवस हेच.

सोबत द्या:
- मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी. उरलेला चिवडा-शेव प्लीज नको, तेल-मीठ पक्ष्यांना चांगलं नाही
- पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं

घरटं किंवा अंडी कोणीही आणायची नाहीत, रिकामं दिसलं तरी नाही.

12 ला शेवटचा तास आजी-आजोबांचा, लहानपणी गावाकडे कुठले पक्षी दिसायचे ते मुलांना सांगायला नक्की या. कोण येणार ते 10 तारखेपर्यंत ग्रुपवर टाका.