प्रदर्शनातले इंजिन घरच्या रुळावर धावेल का?

महोदय,

स.न.वि.वि.

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनाबद्दल आपल्या दैनिकात आलेल्या वृत्तात शिट्टी घालणारी, धूर सोडणारी आणि मोबाइलवरून पळणारी नवी इंजिने छायाचित्रांसह झळकली. ते वाचून कोणी पहिल्यांदाच गाडी घ्यायला निघाले, तर त्याला उपयोगी पडेल अशी माहिती मात्र त्यात नव्हती. प्रदर्शनातला रूळ सपाट असतो, नुकताच पुसलेला असतो आणि त्याची वळणे ऐसपैस असतात. तिथे कुठलेही मॉडेल छानच धावते. घरी ते धावेल की नाही, हे खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या चार-सहा आकड्यांवर ठरते.

पहिला आकडा प्रमाणाचा, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान याचा. एचओ, ओओ, एन आणि टीटी ही मॉडेलांच्या आकारांची नावे. एचओ म्हणजे १:८७ आणि रुळांमधले अंतर १६.५ मिमी. ब्रिटिश ओओचे प्रमाण १:७६, पण रूळ तोच १६.५ मिमीचा. त्यामुळे ओओचे इंजिन एचओच्या रुळावर बिनतक्रार धावते, मात्र शेजारी एचओचा डबा ठेवला की सुमारे १४ टक्क्यांचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. एन गेजमध्ये रूळ ९ मिमीचा असला तरी प्रमाणे तीन: युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानी गाड्यांत बहुधा १:१५०. टीटी हे १२ मिमी रुळाचे, १:१२० प्रमाणाचे गेज पूर्व जर्मनीत जुनेच आहे. २०२२ मध्ये हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने आपली टीटी मालिका जाहीर केल्यावर त्याकडे पुन्हा लक्ष गेले. एचओची मांडणी टीटीत आणली तर ती जवळपास निम्म्या जागेत बसते, आणि हाताळायला गाडी एनइतकी नाजूकही नसते. नव्या मालापैकी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, असे आमचे मत आहे. फक्त जुन्या ब्रिटिश टीटीचे सामान त्यात मिसळू नये. त्याचाही रूळ १२ मिमीचाच, पण प्रमाण सुमारे १:१०२. घरे आणि माणसे शेजारी उभी केली की विजोड दिसतात.

मार्कलिन या जर्मन कंपनीच्या एचओ गाड्या हा वेगळाच मामला. त्या दोन रुळांच्या मधल्या खुंट्यांतून वीज घेतात आणि त्यांची डावी-उजवी चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग नसतात. साध्या दोन रुळांवर अशी गाडी ठेवली की थेट शॉर्ट. त्याच कंपनीच्या ट्रिक्स या नावाखाली दोन रुळांची आवृत्ती मिळते. मागणी नोंदवताना हे तपासावे.

वळणाच्या त्रिज्येवर सर्वाधिक निराशा होते. खोक्यावर छापलेली किमान त्रिज्या म्हणजे गाडी जेमतेम वळेल ती, नीट धावेल ती नव्हे. सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या धरावी, असा अनुभवी मंडळींचा ठोकताळा आहे. ८५ फुटी प्रवासी डबा एचओत सुमारे ३० सेंमीचा होतो, म्हणजे त्रिज्या ९० सेंमी हवी. सुरुवातीच्या संचातली वळणे मात्र ३६ ते ४४ सेंमीची असतात. त्यांवर लांब डबे मध्यभागी आत झुकतात, टोकांना बाहेर निघतात, कपलिंग (डबे जोडणारा आकडा) आडवे ओढले जाते आणि गाडी मागे ढकलताना हमखास रुळावरून उतरते. जागा कमी असेल, तर आखूड मालडबे आणि शंटिंगचे छोटे इंजिन घेतलेले बरे.

आता डिजिटल नियंत्रणाबद्दल, म्हणजे डीसीसीबद्दल. यात रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा संदेश जातो आणि इंजिनातला डिकोडर हा छोटा सर्किट-बोर्ड तो वाचून मोटर चालवतो. ‘डीसीसी रेडी’ आणि ‘डीसीसी फिटेड’ या दोन शब्दप्रयोगांत पुष्कळ अंतर आहे. दुसऱ्यात डिकोडर बसवलेला असतो; पहिल्यात नुसते सॉकेट असते, डिकोडर वेगळा घ्यावा लागतो. तोवर सॉकेटमध्ये कोरा प्लग असतो आणि अशा अवस्थेत इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवले तर मोटर गुणगुणते, तापते; कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर तर फार लवकर जळते. सॉकेटचे प्रकारही सारखे नाहीत. आठ पिनांचे जुने सॉकेट मोठ्या मनाचे आहे: त्यात प्लग उलटा बसला तरी गाडी चालते, पण दिवे लागत नाहीत. एकवीस पिनांचे एमटीसी आणि बावीस पिनांचे प्लक्स आकाराने जवळपास असले तरी एकमेकांत बसत नाहीत. एमटीसीत आणखी एक मेख आहे. काही डिकोडर तिसऱ्या आणि चौथ्या जादा जोडणीवर थेट दिवा पेटेल इतका प्रवाह देतात, काही केवळ इशारा देतात. चुकीचा डिकोडर घेतला तर केबिनचा दिवा लागत नाही आणि दोष विनाकारण इंजिनावर येतो. लहान इंजिनांत आता नेक्स्ट-१८ हे छोटे सॉकेट रूढ होत आहे, ते स्वागतार्ह आहे. एनमध्ये पूर्वी बरेचदा तारा थेट डाखाव्या लागत. जुन्या इंजिनात डिकोडर बसवणाऱ्यांनी आधी १२ व्होल्टवर मोटर क्षणभर रोखून अ‍ॅमीटर पाहावा. एचओचा डिकोडर साधारण १ अँपिअरचा असतो. त्याहून जास्त प्रवाह दिसला तर आधी मोटर बदलावी.

आवाजाचे कौतुक बातमीत बरेच झाले. साखरेच्या खड्याएवढा स्पीकरही चांगला वाजतो, पण त्याची पाठ हवाबंद डबीत असेल तरच. डबीला फट राहिली की पुढची आणि मागची ध्वनिलहर एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरते ती नुसती किरकिर. डिकोडरला किती ओहमचा स्पीकर चालतो, हेही वाचून घ्यावे. जुने काही डिकोडर १०० ओहमचे आहेत, त्यांना आजचा ८ ओहमचा जोडला तर ते बिघडतात. धुराबाबत आम्ही उत्साही नाही. तेल संपल्यावर धूरयंत्र चालू राहिले तर तापतार जळते, आणि तेलाचा थर रुळावर बसून चाके घसरतात ते वेगळेच.

याउलट, बातमीत ज्याचा उल्लेखही नव्हता तो साठवण कपॅसिटर खरा उपयोगी. सांध्यावर किंवा मळक्या रुळावर क्षणभर वीज तुटली तरी इंजिन अडखळत नाही. हे सुपरकपॅसिटर प्रत्येकी २.७ व्होल्टचे असल्याने पाच-सहा ओळीने जोडलेले असतात. दोन अडचणी मात्र येतात. प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरची सेटिंग बदलण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या, रुळावर डिकोडर उत्तरादाखल किमान ६० मिलीअँपिअरचा अगदी छोटा झटका देतो. कपॅसिटर चार्ज होत असताना तो ओळखू येत नाही आणि पडद्यावर चूक दिसते. अशा वेळी मुख्य रुळावरच, इंजिनाचा पत्ता देऊन बदल करावेत. दुसरी अडचण धोक्याची: संदेश तुटताच डिकोडरला आपण साध्या डीसीवर, म्हणजे डिजिटल संदेश नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रुळावर, आहोत असे वाटते आणि इंजिन भरधाव सुटते. डिकोडरच्या सीव्ही २९ या सेटिंगमधली किंमत ६ असेल तर ती २ करावी, म्हणजे डीसीवर धावण्याची सोय बंद होते.

डब्यांच्या वजनाकडे कोणी फारसे पाहत नाही. अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेच्या शिफारशीनुसार एचओच्या २० सेंमी डब्याचे वजन सुमारे १४० ग्रॅम हवे. हलका भरला तर चाकांच्या वर, मध्यभागी वजन चिकटवावे.

काचेमागे ठेवलेले मॉडेल बरेचदा विक्रीचे नसतेच. थ्रीडी प्रिंटरवर छापून काढलेला पहिला नमुना, साच्यातून निघालेला बिनरंगी नमुना आणि रंगवलेला नमुना असे त्याचे टप्पे असतात, आणि पहिल्या टप्प्यावरून दुकानात यायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने प्रत्येक वस्तूपुढे प्रमाण, किमान त्रिज्या, सॉकेटचा प्रकार आणि नमुना कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे चारच शब्द द्यावेत, ही विनंती. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी स्टॉलवाल्याला इंजिन अगदी मंद, स्लीपर मोजता येतील इतक्या गतीने दोन्ही दिशांना चालवायला सांगावे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक-टक ऐकू आली तर अक्षावरचा गियर बहुधा तडकला आहे. डोलत चालले तर चाक अक्षावर तिरके बसले आहे. असे इंजिन तिथेच परत द्यावे.

आपले,
मॉडेल रेल्वेचे काही छंदिष्ट वाचक