कार्बन घाण पकडतो, संपवत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाणी शुद्ध करण्याबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास सापडतं, ॲक्टिव्हेटेड कार्बन (फिल्टरमधे वापरतात तो बारीक छिद्रांचा कोळसा) पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषकांचं विघटन करतो. मी पाणी तपासणीचं काम करते आणि हे वाचलं की गप्प बसवत नाही, कारण एकटा कार्बन बहुतेक वेळा काहीच तोडत नाही, तो पकडून ठेवतो.

लॅबमधे नवीन मुलांना आम्ही हे करूनच दाखवतो. बीकरभर पाण्यात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे दोन थेंब, त्यात चमचाभर कार्बन पावडर टाकून ढवळत राहायचं, मग गाळलं की खाली एकदम नितळ पाणी. मुलं म्हणतात रंग संपला. मग फिल्टर पेपरवरच्या त्याच काळ्या गाळावर स्पिरिट ओतायचं, आणि खाली निळसर थेंब पडायला लागतात! रंग कुठेच गेला नव्हता, आत दडून बसला होता.

हा कार्बन बनवताना करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा हवा न लागू देता भाजतात आणि मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफ सोडतात, त्याने आत इतकी बारीक छिद्रं पडतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. फिनॉल, बेंझिन, बरीचशी कीटकनाशकं तिथे जाऊन चिकटतात, याला अधिशोषण म्हणतात. नायट्रेट, क्षार जवळपास तसेच पुढे जातात. क्लोरीनचं मात्र वेगळं आहे, तिथे खरोखर रिॲक्शन होऊन त्याचं क्लोराइड होतं.

आता अडचण अशी की जागा कधीतरी भरतेच. आणि भरल्यावर नुसतं काम थांबत नाही, जास्त घट्ट चिकटणारा पदार्थ आला की तो आधीच्या सैल बसलेल्याला ढकलून बाहेर काढतो, मग आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो जास्त सापडू शकतो, आणि वास-रंग काहीच नसल्याने कुणाला पत्ताही लागत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. वापरलेला कार्बन भट्टीत पुन्हा तापवून वापरता येतो, पण तो तसाच कचऱ्यात टाकला तर पाण्यातली घाण आपण फक्त जमिनीवर नेऊन ठेवली.

खरं विघटन कार्बनसोबत होतं, नाही असं नाही. ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परसल्फेट सोबत असेल तर कार्बनच्या पृष्ठभागावर त्यांच्यापासून अतिशय क्रियाशील रॅडिकल्स, म्हणजे समोर येईल त्याच्याशी लगेच रिॲक्शन करणारे कण, तयार होतात आणि ते प्रदूषकांचे रेणू फोडतात. कार्बनच्या थरात बॅक्टेरिया वाढले तर तेही काही सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकतात. पण तिथेही रंग गेला एवढ्यावर खूश होऊ नये, मोठ्या रेणूचे लहान तुकडे पाण्यात उरलेले असू शकतात, म्हणून टोटल ऑरगॅनिक कार्बन, म्हणजे पाण्यातल्या सगळ्या सेंद्रिय पदार्थांमधला मिळून कार्बन, मोजावाच लागतो.

म्हणून विनंती एवढीच, यावर काही छापाल तेव्हा विघटन की अधिशोषण हे आधी विचारून घ्या, आणि भरलेला कार्बन पुढे कुठे जातो हेही त्याच बातमीत येऊ द्या.

आपली,
एक वाचक