आई, आम्ही पाच रात्री तंबूत झोपलो

ऑकलंड, न्यूझीलंड, १९ जानेवारी

प्रिय आई आणि अण्णा,

साष्टांग नमस्कार. तंबू घेऊन वेलिंग्टनला चाललोय असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आई तू एकदम गप्पच झालीस, आणि मग म्हणालीस, पैसे देऊन तंबूत कशाला झोपायचं गं. ते वाक्य अख्खा प्रवासभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो न टाकता नीट बसून लिहितेय.

ऑकलंड ते वेलिंग्टन साधारण ६४० किलोमीटर. एका दिवसात होतं, पण विशाल म्हणाला थांबत थांबत जाऊ. डिकीत तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसची छोटी शेगडी, कुकर, भाजणीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. इथं कॅम्पसाइटवर पाणी, गरम पाण्याची अंघोळ, सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर असं सगळं असतं, त्यामुळं हाल म्हणून काही नव्हते, तू काळजी करू नकोस.

पहिली रात्र टाऊपो तलावाजवळ. ६१६ चौरस किलोमीटर, म्हणजे समोरचा काठ धूसरच दिसतो. तिथं वाळूत मुठीएवढा दगड उचलला तर वजनच नाही, पाण्यात टाकला तर तरंगायला लागला! अगं म्हणजे आपल्या न्हाणीघरातली टाचा घासायची वजरी! हा अख्खा तलाव म्हणजे ज्वालामुखीचं तोंड आहे, सुमारे १८०० वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला त्यातला हा दगड. एक तुझ्यासाठी खिशात घातलाय.

दुसरी रात्र ओहाकुनीला, रुआपेहू डोंगराच्या पायथ्याशी. २७९७ मीटर उंच, आणि हा पण जिवंत ज्वालामुखी. त्याच्या माथ्यावर तळं आहे, १९५३ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री ते फुटून चिखलाचा लोंढा आला, तांगीवाईचा रेल्वेपूल वाहून गेला आणि त्याच वेळी गाडी आली. १५१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी जाताना तिथल्या स्मारकापाशी थांबलो. विशालला पुढं जायची घाई होती पण माझा पाय निघेना.

त्या ओहाकुनीच्या रात्री पाऊस आला. तंबूवर पाऊस वाजायला लागला आणि आई, मी खाडकन ९३ सालात गेले. मी पाच वर्षांची होते, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे उशिरा झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला ते झालं. मला धक्का आठवत नाही. मला आठवतं ते नंतरचं, अंगणात बांधलेली ताडपत्री, तिच्यावर वाजणारा पाऊस, आणि तुझा हात माझ्या छातीवर, जो तू रात्रभर काढायची नाहीस. अण्णा म्हणायचे घरात चला आता, तू जायची नाहीस. विशालला हे सगळं पहिल्यांदाच नीट सांगितलं. तो पुण्याचा, त्याला किल्लारीचा भूकंप म्हणजे पेपरातली बातमी. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून चहा ठेवला.

पुढच्या तीन रात्री पेकाकारिकीला, समुद्राजवळ. वारा म्हणजे काय ते इथं कळलं, पहिल्याच संध्याकाळी तंबूची एक काठी मोडली. शेजारच्या तंबूतले आजी-आजोबा स्वतःहून हातोडी घेऊन आले, खुंट्या परत ठोकून दिल्या. संक्रांत तिथंच झाली, त्यांना तिळगूळ दिला. तिथून लोकल ट्रेननं रोज वेलिंग्टनला जायचो.

शहर म्हणजे नुसते चढउतार. खाली बंदर आणि वर डोंगरावर घरं, काही घरांना तर रस्त्यापासून वर जायला स्वतःची छोटी केबल कार. मोठी लाल केबल कार १९०२ पासून चालू आहे, तिच्यातून वर गेलो आणि खाली पाहिलं, सगळी घरं लाकडाची आणि वर पत्रे! चांगली श्रीमंतांची घरं, रंगीत पत्र्यांची. आपल्याकडं पत्रा म्हणजे गरिबी, तात्पुरतं. शहर फॉल्टवरच, म्हणजे जमिनीखालच्या भेगेवरच वसलंय, १८४८ ला विटांच्या इमारती पडल्या, १८५५ ला तर एवढा मोठा भूकंप झाला की बंदराकाठची जमीनच वर आली. तेव्हापासून लोक लाकडाकडं वळले, लाकूड लवचिक, हलतं पण अंगावर कोसळत नाही. एक जुनी सरकारी इमारत आहे १८७६ ची, लांबून अगदी घडीव दगडाची वाटते, जवळ जाऊन हात लावला तर लाकूड! मी तिथं हात ठेवून उभी राहिले आणि आपलं माळवद आठवलं, दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचा भार. थंड वाटायचं म्हणून आजी किती कौतुक करायची. तेच अंगावर आलं.

‘ते पापा’ नावाचं म्युझियम तर अण्णा तुम्ही बघायलाच पाहिजे. अख्खी इमारत रबर आणि शिशाच्या जाड ठोकळ्यांवर बसवलीय, खाली जमीन हलली की ठोकळे हलतात, वरची इमारत त्यामानानं कमी. इथल्याच बिल रॉबिन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं ७० च्या दशकात हे शोधलं, आणि २००१ च्या भूकंपानंतर भूजला जे नवीन हॉस्पिटल बांधलं ना, त्याच्याखाली हेच आहे.

आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर आयलंड बेला रस्त्यावर आडवी निळी रेघ मारलीय. भूकंप जोराचा किंवा लांबला तर सायरनची वाट न बघता या रेघेच्या वर चालत जायचं, तिथवर सुनामी पोचणार नाही. एक छोटी मुलगी स्कूटर खेळत त्या रेघेवरून गेली, तिला काहीच वाटत नव्हतं. मला मात्र गलबलून आलं. कुठं जायचं ते तिला माहिती आहे एवढंच मनात येत होतं.

काल परत आलो, एका दिवसात. तंबू बाल्कनीत वाळत घातलाय.

अण्णा, वरची खोली बांधायला काढलीय म्हणालात. मिस्त्रीला सांगा, दारंखिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सलग आरसीसीची पट्टी हवीच, फक्त दारावर तुकडा टाकून चालणार नाही. तो म्हणेल खर्च वाढतो. वाढू दे, तेवढे पैसे मी पाठवते. स्लॅबच्या आधी मला व्हिडिओ कॉल करा, पट्टी कोपऱ्यात जोडलीय का ते मला बघायचंय.

तुमची,
मनू