सूचना : आपली सहकारी संस्था, रविवारची बैठक

ताई-दादांनो, रविवारी सकाळी ११ वाजता शेडमध्ये बसू. ढकलगाडी रिकामी करून, हात धुऊन थेट या.

विषय एकच : ठेकेदाराकडे राबणं सोडून स्वतःची संस्था काढायची का? १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे किमान १० जण लागतात, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. नवरा-बायको दोघं आलात तरी एकच धरणार, आधीच सांगते! पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा तेच गोळा करतात, महिन्याचं शुल्क घरांकडून थेट घेतात आणि भंगार विकून आलेले पैसेही त्यांचेच. आपल्याकडे करार कसा मागायचा, त्यावर बोलू.

आधारकार्डाची झेरॉक्स आणा. मागच्या वेळी निम्मे विसरले होते.